उजेडात धरलेले क्रिस्टल

आबा, आज मी मशीनच्या खोलीतल्या खिडकीला काळा कागद चिकटवला. तुम्हाला हे मुळीच रुचलं नसतं. सुरतेत बमरोलीच्या आपल्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर कुणी नुसतं उभं राहिलं तरी तुमचा आवाज चढायचा. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुमचा चेहरा मला भिंतीवरच्या फोटोवरूनच आठवतो, आणि तो फोटोही स्टुडिओवाल्याने गोरा करून दिलेला, त्यामुळे त्यावर माझा फारसा भरवसा नाही. तुमचं एक वाक्य मात्र न बोलावता ऐकू येतं. "पहिले उजेडमा आन, मंग सांग." त्या वाक्यावर मी शिकले, नोकरी केली, माणसं पारखली आणि बरीचशी गमावलीही. या हिवाळ्यात त्याच वाक्याने मला तोंडघशी पाडलं. ते कसं, हे तुम्हाला सांगायचं आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो ते पुढेमागे माझ्यावरच उलटवेल असं मला वाटतं. तुम्ही तसं करणार नाही, एवढी खात्री आहे.

पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तुम्ही फोल्डिंग खात्यात चेकर होता. माय मला डबा घेऊन पाठवायची तेव्हा मी ते टेबल बघितलं आहे. टेबल कसलं, दुधी काचेचा उतार तो. काचेखाली ट्यूबलाइट लावलेल्या आहेत आणि वरून साडीच्या कापडाचा ताका सरकत येतो आहे. तुम्ही वाकलेले आहात. खालून उजेड आला की कापडाचं काही लपत नाही, तुटका धागा, जाळं, तेलाचा डाग, सगळं उघडं पडतं. दिसलं की तुम्ही खडूने गोल करता आणि कापड पुढे ओढता. पुढच्या टोकाला काका उभे. काका म्हणजे आपल्या शेजारच्या खोलीतले, अकोल्याकडचे. तुम्ही तपासलेल्या कापडाची घडी घालायची आणि खडूचा गोल दिसेल तो ताका बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. कापड बरंच पुढे गेलेलं असताना तुम्हाला मध्येच शंका यायची की मागचं नीट बघितलं ना? मग तुम्ही ते परत मागे ओढायचात, त्यावर कोपरापर्यंत हात टेकून ओणवे व्हायचात आणि पुन्हा बघायचात. काका हात थांबवून हसायचे. "दादा, किती डाव पाह्यता एकच कापड?" संध्याकाळी तुमच्या शर्टाची उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी असायची. मोरीत ती घासताना माय रोज वैतागायची, "तुमनी बाहीले इतला खडू कसा लागस?"

घरी आल्यावरही ते टेबल तुमच्या डोक्यातून उतरायचं नाही. रविवारी अंडी आणली की माय स्टो पेटवायच्या आधी तुम्ही एकेक अंडं बल्बसमोर धरून बघायचात. एकदा त्यातलं एक तुम्ही नापास केलं. मायने ते तुमच्या हातातून घेतलं, ताटलीत फोडलं, आतला चांगला टपोरा बलक तुमच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "हाई देखा आते." तुम्ही तो निरखून बघितलात आणि म्हणालात, "वास ली देख." आम्ही पोट धरून हसलो होतो. पण मला आठवीत विज्ञानात वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले तो दिवस हसण्यासारखा नव्हता. तुम्ही पेपर हातात घेतलात आणि ट्यूबसमोर धरलात, आकडा खोडून लिहिला आहे का ते बघायला. मी समोर उभी होते. काही सापडलं नाही तेव्हा पेपर परत दिलात आणि "चांगलं शे" एवढंच म्हणालात. मी मोरीत जाऊन रडले. रडून झाल्यावर मीही तो पेपर एकदा उजेडासमोर धरून बघितला.

मला इथल्या संस्थेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही मिल सोडून घरी बसला होता. मी पेढे घेऊन आले. तुम्ही पेढा बाजूला ठेवलात आणि फळीवरच्या डब्यातून तुमचं भिंग काढलंत, कापडातले धागे मोजायचं ते पितळी, घडीचं. उघडलं की आपल्या पायावर उभं राहतं, खाली चौकोनी भोक आणि वर काच. "हाई ठेव," तुम्ही म्हणालात. "डोया फसाडस. हाई फसाडत नही." डोळा फसवेल, भिंग फसवणार नाही. तुम्ही मला आयुष्यात दिलेली ही एकच वस्तू, जी देण्याआधी तुम्ही उजेडात धरून बघितली नाहीत. ती मी कायम पर्समध्ये ठेवत आले. संस्थेत चांगले मायक्रोस्कोप आहेत, तरी मशीनवर चढवायच्या आधी प्रत्येक क्रिस्टल मी खिडकीच्या कठड्यावर ठेवून तुमच्या भिंगाखाली घालते. संशोधन करणारी मुलं आपसात माझी थट्टा करतात. करोत.

माझं काम तुम्हाला मी कधी नीट सांगितलंच नाही, तुम्ही विचारलंही नाहीत. रव्याच्या कणाएवढा क्रिस्टल तेलाच्या थेंबात बुडवून एका बारीक सुईच्या टोकावर बसवायचा आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. आतले रेणू ओळीने, शिस्तीत रचलेले असले की किरण ठरावीक दिशांनी वळतात आणि पडद्यावर ठिपके उमटतात. क्रिस्टल चांगला असेल तर ठिपके बारीक, गोल आणि पडद्याच्या पार कडेपर्यंत येतात, रांगोळीचे घातल्यासारखे. आतली रचना विस्कटलेली असेल तर ठिपके पसरतात, एकाचे दोन होतात आणि कडेचे आधी गायब होतात. ठिपक्यांवरून आतला एकेक अणू कुठे बसला आहे ते काढता येतं. थोडक्यात, हेही तुमचंच टेबल आहे. उजेड आरपार घालवायचा आणि दोष कुठे आहे ते बघायचं. फक्त खडू नाही.

आमच्याकडे संशोधन करणारी एक मुलगी आहे, कामरेजकडची, गुजराती. बोलकी, घाईघाईने चालणारी, सगळ्यांना "दीदी" म्हणणारी. मला लगेच दीदी म्हणणाऱ्या माणसाबद्दल मी आधीपासून सावध असते. तिने फिकट पिवळ्या रंगाचा एक नवीन पदार्थ बनवला होता. मी एका लग्नासाठी अमळनेरला गेले असताना तिने त्याचा क्रिस्टल स्वतःच मशीनवर चढवला आणि परत आल्यावर मला ठिपके दाखवले. इतके सुरेख ठिपके मी त्या मशीनवर क्वचितच बघितले होते. ती आनंदाने फुलली होती. मी तिला म्हटलं, छान आहे, पण पुन्हा काढून बघू. तिने लगेच दुसरे क्रिस्टल दिले. मी ते खिडकीत नेले, भिंगाखाली ठेवले, सावकाश बघितले, वळवून बघितले, मग मशीनवर चढवले. ठिपके पसरलेले. दुसरा क्रिस्टल घेतला, तोही तसाच. म्हटलं, मीच घाईने निवडत असेन. म्हणून पुढचे आणखी निरखून, आणखी वेळ घेऊन बघितले. ते आणखी वाईट निघाले. काही तर मशीनवर चढायच्या आधीच तडकले.

तुम्ही असता तर तुम्हाला जे वाटलं असतं तेच मला वाटलं. तिचे ते सुरेख ठिपके या पदार्थाचे नाहीतच. दुसऱ्याच कुठल्या क्रिस्टलचे ठिपके तिने याच्या नावावर खपवले आहेत, आणि मुद्दाम मी नसताना. मग मला सगळंच दिसायला लागलं. क्रिस्टलच्या बाटल्या ती रॅकवर न ठेवता लाकडी खणात आत, रुमालात गुंडाळून ठेवायची. मी विचारलं, लपवून का ठेवतेस? म्हणाली, "लपवत नाही दीदी, धक्को ना लागे एटले." कुणाचा धक्का लागू नये म्हणून! मला ते कारण फार सोयीचं वाटलं. एकदा बाटलीतले क्रिस्टल मला पहिल्यापेक्षा पांढुरके दिसले, पिवळेपणा उतरलेला. म्हटलं, बदललेच हिने. मी आत येताना ती फोन उलटा ठेवते, मी विचारलं की आधी हसते मग उत्तर देते, हेही मी मनात टिपून ठेवलं. संशय एकदा बसला की माणसाचं हसणंसुद्धा त्यात जमा होतं.

एका बऱ्यापैकी क्रिस्टलची रचना मी कशीबशी काढली तर त्यात दोन शेजारी रेणूंच्या मध्ये, जिथे काहीही असायला नको, तिथे थोडी गर्दी दिसली. एखादा अणू अर्धामुर्धा बसल्यासारखी. मी ती सरांना दाखवली. सर म्हणजे त्या मुलीचे मार्गदर्शक, माझेही वरिष्ठ. मी म्हटलं, हा पदार्थ शुद्ध नाही, यात काहीतरी मिसळलं आहे आणि पहिले ठिपके परत मिळत नाहीत. सर माझ्याकडे बघत राहिले. "देखो, आप आरोप तो नहीं लगा रही हैं ना?" मी म्हटलं, "आरोप नहीं सर. शक है." किती साळसूदपणे म्हटलं, आबा. शंका तर कुणीही घेऊ शकतं. सरांनी तिचा शोधनिबंध थांबवला. संक्रांतीनंतर तिच्या कामाची तपासणी होती, तिथे तिचं संशोधन पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरणार होतं. तोवर मशीनच्या खोलीत तिने यायचं नाही असंही ठरलं. ती दारात उभी राहून म्हणाली, "दीदी, में कशुं नथी कर्युं." मी काहीच केलेलं नाही. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला वाटलं, रडून आलेली आहे की चोळून?

त्याच सुमारास इमारतीचं रंगकाम काढलं. बाहेर बांबू बांधले, हिरवी जाळी सोडली, शिंतोडे उडू नयेत म्हणून वर प्लास्टिक घातलं. माझी खिडकी आंधळी झाली. तिच्या खणातली रुमालातली बाटली आता माझ्या ताब्यात होती. मी ट्यूबच्याच उजेडात भिंग लावून एक क्रिस्टल निवडला आणि चढवला. ठिपके पार कडेपर्यंत! पुढचाही तसाच. रंगही छान पिवळा. ती मुलगी खोलीतून गेली आणि क्रिस्टल सुधारले, याहून मोठा पुरावा कुठला हवा? मी सरांकडे गेले. पाय जमिनीवर नव्हते, खरंच सांगते. तिचे पहिले ठिपके या पदार्थाचेच होते हे खरं, एवढं मला आता कबूल करावं लागलं, पण त्यातूनही मी नवीन अर्थ काढला. म्हटलं, माझे क्रिस्टल ती बिघडवत होती, म्हणजे हा पदार्थ फक्त तिच्याच हाताला येतो असं दिसावं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेव्हा मला वाटलं ते माझ्या हुशारीने थक्क झाले आहेत.

इथल्या उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आधी रंगाचं काम संपलं, जाळी उतरली आणि खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं. मी आनंदाने भिंग घेऊन कठड्याशी बसले. गच्च्यांवरून पोरांचा आरडाओरडा चालला होता, मांज्याच्या रिळांचा आवाज येत होता. क्रिस्टल निवडला, चढवला आणि ठिपके पसरलेले. दुसरा तडकला. मी कुलूप तपासलं. शिपायाला विचारलं, किल्ली कुणाला दिली होती का? एसी दुरुस्त करणारा येऊन गेला होता, त्याच्याबद्दलही विचारलं. शिपाई जरा चिडूनच म्हणाला, "बेन, तमारा सिवाय अहीं कोण आवे छे?" तुमच्याशिवाय इथे येतंच कोण? आबा, मी त्या खोलीत चारी बाजूंना बघितलं. ती मुलगी नव्हती. शिपाई दाराबाहेर होता. आत मी होते, खिडकी होती आणि तुमचं भिंग कठड्यावर आपल्या पायावर उभं होतं, काचेतून ऊन घेऊन, बरोबर खालच्या भोकात ठेवलेल्या क्रिस्टलवर.

मग मी एका बाटलीतले क्रिस्टल दोन भागांत केले. अर्धे फॉइलमध्ये गुंडाळून खणात ठेवले, अर्धे खिडकीत. दुपारपर्यंत खिडकीतले पांढुरके पडले होते, काहींना बारीक चिरा गेल्या होत्या. खणातले होते तसे पिवळे. हे पुस्तकात आहे, मला ठाऊकही होतं. काही पदार्थांत शेजारी रेणू इतके जवळ, समोरासमोर रचलेले असतात की योग्य उजेड पडला की ते एकमेकांना चिकटतात आणि दोनांचा एक होतो. नव्याचा आकार जुन्या जागेत मावत नाही. उजेड वरच्या थरातच शोषला जातो, म्हणून सालीकडचे रेणू आधी बदलतात, आतले तसेच राहतात, ताण पडतो आणि क्रिस्टल आतून विस्कटतो. मग ठिपके कसले गोल येणार? रेणूंच्या मध्ये दिसलेली ती गर्दी भेसळ नव्हती, चिकटायला लागलेल्या जोड्या होत्या. त्या मुलीने पहिला क्रिस्टल खणातून काढून न बघता सरळ तेलात घातला होता, म्हणून तो वाचला. मी जितकी जास्त निरखत गेले तितके क्रिस्टल जास्त बिघडत गेले. माणसावर संशय घ्यायला मला एक दिवस लागला नाही आणि खिडकीवर घ्यायला अख्खा हिवाळा गेला.

सरांना मी सांगितलं, पदार्थ उजेडाने बदलतो. एवढंच. सर खुर्चीतून उठलेच. "ये तो बढ़िया बात हो गई!" त्यांना वाटलं शोधच लागला, आणि एका अर्थी लागलाही. तपासणीत त्या मुलीचं काम सगळ्यांना आवडलं. आता ती याच पदार्थावर पुढे काम करणार आहे, फार न शोषला जाणारा, क्रिस्टलच्या पार आतपर्यंत जाणारा सौम्य उजेड वापरून. तसं केलं तर सगळे रेणू बरोबरीने बदलतात आणि क्रिस्टल अखंड राहू शकतो. सगळे खूश झाले. कुणी विचारलं नाही की मुळात हे क्रिस्टल इतका वेळ उन्हात कुणी ठेवले. मीही बोलले नाही. शांतपणे सगळ्या बाटल्यांना फॉइल गुंडाळायला घेतलं. गुंडाळता गुंडाळता हात थांबले, कारण डोळ्यांसमोर तुम्ही आलात, घरातून कामावर निघताना दारात उभे राहून शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडणारे.

काकांची गोष्ट तुम्ही घरात कधी काढू दिली नाहीत, म्हणून मीच काढते. बाजारातून कापड परत यायला लागलं होतं, दोष असलेलं आणि खडूचा गोल नसलेलं. मालकाने तुम्हाला विचारलं. तुम्ही शपथेवर सांगितलं की मी गोल केला होता. आणि ते खरंच होतं, तुमच्या नजरेतून दोष सुटत नसे. मग गोल पुसला कुणी? घरी येऊन तुम्ही मायला म्हणालात, "यामा त्यानाच हात शे." काका आपल्या खोलीत आले, खाली बसले. "दादा, लेकराची आन घेतो, म्या कायले पुसू तुमचे निशान?" तुम्ही त्यांच्याकडे न बघता पाणी प्यायलात. काकांना मिलमधून काढलं. त्यांची खोली रिकामी झाली, कडोदऱ्याला कुठल्याशा कारखान्यात लागले एवढंच कानावर आलं. काकूने जाताना मायकडची स्वतःची चाळणी परत मागून नेली, तेव्हा माय ढसाढसा रडली होती. मी तेव्हा तुमच्या बाजूने होते. मला तर काकांचं आधीचं हसणंही संशयास्पद वाटायला लागलं होतं.

पण काका गेल्यानंतर काही दिवसांनी तुम्ही बाह्या दुमडायला लागलात. उन्हाळा नव्हता, मला पक्कं आठवतं, माय म्हणाली होती, थंडीमा काय हाई नवीनच? आणि मग तिला आनंद झाला, कारण बाहीला खडू लागायचा थांबला. कापड मागे ओढून, त्यावर हात टेकून पुन्हा बघायची तुमची ती सवय मी स्वतः पाहिली आहे. खडूचे गोल तुमच्याच बाहीने पुसले जात होते, आबा. दुसऱ्यांदा बघताना. काका गेल्यावरही गोल पुसले गेले असतील आणि मग पुढच्या टोकाला संशय घ्यायला कुणी उरलं नसेल. तुम्हाला कळलं होतं ना? नाहीतर बाह्या का दुमडल्या? की ही माझीच शंका आहे, तुम्हाला नुसतं उकडत होतं? मी हे मनात कितीदा इकडून तिकडून बघितलं, मला तरी दुसरं कारण सापडत नाही. तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही कडोदऱ्याला गेला नाहीत. मला याचा फार राग येतो. जिवंत असता तर भांडले असते.

आणि हातात ते फॉइल घेऊन मी काय करत होते? म्हणून उठले आणि त्या मुलीकडे गेले. ती आपल्या टेबलाशी डबा खात होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. की क्रिस्टल मी खिडकीत धरत होते, भिंगाखाली, तासन्‌तास. की सरांना तुझ्याबद्दल मीच सांगितलं. शंका म्हणून नाही, तू खोटी आहेस असं धरूनच सांगितलं. नंतर तूच क्रिस्टल बिघडवतेस असंही सांगितलं. सांगतानाही मला वाटत होतं की ती फोनवर हे रेकॉर्ड तर करत नाही ना. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मने खबर हती, दीदी." मला माहीत होतं, तुम्हीच सरांना सांगितलं ते. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "आप मानतीं?" तुम्ही ऐकून घेतलं असतं का? नसतं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, हसलीही नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. यावेळी मी तिच्या चेहऱ्यात काही शोधलं नाही, किंवा शोधलं आणि सापडलं नाही, यातलं खरं काय ते मला ठरवता येत नाही.

आज ती कामरेजहून येताना माझ्यासाठी पोंक घेऊन आली. ज्वारीचा कोवळा हुरडा, तुम्हाला फार आवडायचा. "घरना खेतरनो छे," घरच्या शेतातला आहे, एवढं म्हणून पिशवी माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी दिवसभर त्या पिशवीकडे बघत होते. जिच्या पोटावर मी पाय देत होते तिने मला पोंक का द्यावा? माफ केलं असेल तर इतक्या लवकर कसं? केलं नसेल तर पोंक कशाला? हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही आणि तुम्हाला तर पोहोचणारच नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. घरी आल्यावर तो पोंक मी ताटात पसरला आणि खिडकीशी नेला. अजून थोडं ऊन होतं. तुमचं भिंगही काढलं. दाणे बोटांनी सारून, वळवून, वास घेऊन बघितले. काही सापडलं नाही. मग तिथेच कठड्याशी बसून सगळा खाल्ला. गोड होता, आबा.